एक कॉम्प्युटर, चार खेळाडू : डॅनी बंटन बेरी

कॉम्प्युटरच्या दुनियेतली मोठी माणसं कोण असं विचारलं, तर आपल्या हॉस्टेलवर कुणीही झोपेतसुद्धा बिल गेट्स, स्टीव्ह जॉब्स अशी चार नावं सांगेल. गेम्सचं वेड असणारा सिड मायर, विल राईट यांचीही नावं घेईल. पण याच विल राईट यांनी २००० साली आलेला आपला ‘द सिम्स’ हा जगभर गाजलेला गेम ज्यांच्या स्मृतीला अर्पण केला, त्या डॅनी बंटन बेरी मात्र आपल्या गप्पांत कधी येत नाहीत. गेम बनवणाऱ्यांच्या जगात हे नाव फार मोठं आहे. ३ जुलै १९९८ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी त्या गेल्या. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी. तरीही यंदा मराठी विभागासाठी काहीतरी लिही म्हणून फर्मान निघालं, तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या माझ्यासारखीला लिहावंसं वाटलं ते त्यांच्याविषयीच.

एक कारण म्हणजे त्या आपल्याच बिरादरीतल्या! डिग्री इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची. दुसरं कारण पुढे येईलच.

१९ फेब्रुवारी १९४९ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात त्यांचा जन्म झाला. जन्माच्या वेळी नोंद मुलगा म्हणून झाली आणि नाव होतं डॅनियल. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्या स्त्री म्हणून जगू लागल्या, म्हणून मी या लेखात सुरुवातीपासूनच ‘त्या’ असं लिहिते आहे. सहा भावंडांत त्या सर्वांत थोरल्या. घरी पैशांची ओढाताण असे. महिन्याची तोंडमिळवणी व्हावी म्हणून त्यांनी शाळकरी वयातच औषधांच्या दुकानात काम धरलं. पण त्या घरात एक गोष्ट भरपूर होती, ती म्हणजे एकत्र बसून खेळणं. सगळं कुटुंब पट मांडून खेळायला बसायचं. बालपणातल्या सुखाच्या आठवणींत ही आठवण त्यांना आयुष्यभर पुरली.

आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या घरी ‘व्यापार’चा डाव पडतो ना, तसंच काहीसं. नोटा वाटणारी एक ताई, कर्ज मागणारा धाकटा भाऊ, आणि ‘मला नाही खेळायचं जा’ म्हणून पट उधळणारा एक रडका. डॅनी यांनी पुढे जे काही केलं, त्याचं मूळ या पटापाशी आहे असं मला वाटतं.

अर्कान्सा विद्यापीठात शिकत असतानाच त्यांनी सायकलचं एक दुकान काढलं. १९७४ साली डिग्री मिळाली. त्यानंतर शहरांचा कारभार कसा चालतो याची कॉम्प्युटरवर मॉडेल्स बनवण्याचं काम मिळालं. मोकळ्या वेळात हौस म्हणून नुसत्या अक्षरांचे गेम्स लिहिणं चालूच होतं. १९७८ साली त्यांचा पहिला गेम बाजारात आला, ‘व्हीलर डीलर्स’. ॲपल टू या कॉम्प्युटरवर अनेकांनी मिळून खेळायचा लिलावाचा खेळ. त्यासाठी बटणांची एक खास वस्तू सोबत द्यावी लागे, त्यामुळे किंमत गेली ३५ डॉलर. त्या काळी गेम्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून १५ डॉलरला विकत. विकल्या गेल्या फक्त ५० प्रती! आपल्या सीनियर्सच्या जुन्या जर्नल्स याहून जास्त खपत असतील. दुसरं कुणी असतं तर एकट्याने खेळायचे स्वस्त गेम्स लिहायला लागलं असतं. डॅनी यांनी लिलाव सोडला नाही आणि चार माणसंही सोडली नाहीत.

आता तो काळ जरा डोळ्यांपुढे आणा. घरगुती कॉम्प्युटर म्हणजे जाडजूड कीबोर्ड, तो जोडायचा घरातल्या टीव्हीला. प्रोग्रॅम असायचा फ्लॉपीवर, नाहीतर गाण्यांच्या असते तशा कॅसेटवर. कॅसेट लोड होईपर्यंत चहा करून पिऊन व्हायचा, आणि शेवटी एरर आली की पुन्हा पहिल्यापासून! भारतातही १९८४ च्या सुमारास ‘क्लास’ या सरकारी योजनेत निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले होते. आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसांजवळ ‘बेसिक’ भाषेतले ते छोटे छोटे गेम्स काढून बघा. राज्याचं धान्य किती पेरायचं, किती साठवायचं, किती लोकांना खाऊ घालायचं, एवढाच खेळ. पडद्यावर चित्र नाही, फक्त आकडे. तरी ते बोलताना त्यांचा चेहरा खुलतो. आमच्या एका सरांचा खुलला आणि त्या दिवशी व्हायवा अगदीच सोपी गेली.

पुढे डॅनी यांनी भाऊ बिल आणि दोन मित्रांना घेऊन ‘ओझार्क सॉफ्टस्केप’ नावाचा छोटा चमू उभा केला. ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ ही कंपनी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. तिच्या प्रमुखांना डॅनी यांचा एक जुना व्यापारी गेम विकत हवा होता, पण त्याच्या प्रकाशकाने तो दिला नाही. मग डॅनी म्हणाल्या की त्याहून चांगला नवाच करून देते. तो गेम १९८३ साली आला. नाव ‘म्यूल’, म्हणजे खेचर.

हा गेम कळायला कोल्हारच्या माणसाला पाच मिनिटं पुरतात, असा माझा दावा आहे. गोष्ट अशी. चार जण एका ओसाड ग्रहावर वसाहत करायला उतरतात. ग्रहाचं नाव इराटा. इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की ‘अटारी’ होतं, कारण गेम मुळात अटारी कॉम्प्युटरवरचा. दर महिन्याला प्रत्येकाला जमिनीचा एक तुकडा मिळतो. मग एक यांत्रिक खेचर विकत घ्यायचं आणि त्या तुकड्यावर नेऊन जुंपायचं. अन्न पिकवायचं, वीज तयार करायची की खनिज काढायचं, हे तुम्ही ठरवा. अन्न कमी पडलं तर पुढच्या खेपेला काम करायला वेळ कमी मिळतो. वीज कमी पडली तर उत्पादन घटतं. खनिज कमी पडलं तर नवी खेचरं तयार होत नाहीत आणि त्यांचे भाव कडाडतात. म्हणजे सगळ्यांचं सगळ्यांवर अडलेलं.

आणि मग येतो लिलाव. विकणारे वर उभे, घेणारे खाली उभे. विकणारा खाली सरकला की भाव उतरतो, घेणारा वर सरकला की चढतो. दोघे जिथे भेटतील तिथे सौदा. घड्याळ चालूच असतं, त्यामुळे कोण किती ताणतो आणि कोणाचा धीर सुटतो यावर सगळं अवलंबून. मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्या मजल्यावर आम्ही चौघींनी एका लॅपटॉपवर एम्युलेटर टाकून हा गेम खेळला. दोन गेमपॅड आमचे, दोन मागून आणलेले. कॉम्प्युटर ब्रँचच्या दोघी आधी कागदावर हिशोब मांडून बसल्या होत्या. त्या दोघींना पुरून उरली ती सिव्हिलची, लासलगावकडची मुलगी! अन्नाचा तुटवडा पडेपर्यंत तिने माल दाबून धरला आणि मग असा भाव काढला की आम्ही तिघी बघतच राहिलो. तिने त्याआधी आयुष्यात कॉम्प्युटर गेम खेळला नव्हता.

पण खरी गंमत पुढे आहे. गेममध्ये मधूनमधून नशीब फिरतं. कधी अचानक पैसे मिळतात, कधी नुकसान होतं. डॅनी यांनी नियम असा घातला की जो पहिल्या नंबरवर आहे त्याला आयतं घबाड कधी मिळणार नाही, आणि जो शेवटच्या नंबरवर आहे त्याच्यावर संकट कधी कोसळणार नाही. एकाच जमिनीवर दोघांनी एकदम बटण दाबलं, तर ती मागे पडलेल्याला मिळते. ‘व्यापार’मध्ये हरणारा हरतच जातो आणि शेवटी कंटाळून झोपायला जातो. ‘म्यूल’मध्ये शेवटचा माणूस शेवटच्या महिन्यापर्यंत खेळात असतो. आणि बारा महिन्यांनंतर चौघांचे नंबर तर लागतातच, पण सगळ्या वसाहतीची मिळून कमाई किती झाली हेही मोजतात. ती फारच कमी असली, तर पहिला आलेलाही नापास वसाहतीतला पहिला!

माझं गाव कोल्हार. प्रवरेच्या काठावरचं. आमच्या शेजारीच प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असतं. लहानपणी ते नुसतं पाठ केलं होतं. प्रत्येकाचं शेत वेगळं, प्रत्येकाला आपला ऊस आधी जायला हवा, बांधावरून भांडणंही होतात; पण गाळप सगळ्यांचं एकत्रच, आणि कारखाना बंद पडला तर मोठा बागायतदारही बुडतो आणि एकरभरवालाही. हे शेवटी मला नीट समजलं ते अर्कान्साच्या एका इंजिनिअरने लिहिलेल्या गेममधून. हेच ते दुसरं कारण.

आणि हे सगळं किती मेमरीत बसवलं होतं? ४८ किलोबाइट! आपण ग्रुपवर टाकतो तो मेसच्या भाजीचा एक फोटो यापेक्षा कितीतरी पट मोठा असतो. त्यातच एकाच प्रकारचं काम वाढवत नेलं की उत्पादन वाढतं, शेजारशेजारच्या जमिनींवर एकच पीक घेतलं की फायदा होतो, हे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पुस्तकातले नियमही बसवले होते. आपण जे परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतो, ते त्यांनी खेळवलं. त्या वेळच्या अटारी ८०० ला चार जॉयस्टिक जोडता येत, म्हणून चौघांचा खेळ शक्य झाला. पण सोय असणं वेगळं आणि तिचं सोनं करणं वेगळं.

गाजला खूप, खपला मात्र बेताचा. सुमारे ३०,००० प्रती. चोरून कॉपी केलेल्या किती फिरल्या याचा हिशोब नाही. पुढच्याच वर्षी, १९८४ साली, त्यांनी ‘सेव्हन सिटीज ऑफ गोल्ड’ काढला. नव्या खंडाचा शोध घेण्याचा, एकट्याने खेळायचा गेम. तो दीड लाखाच्या वर खपला. कुणीही सांगितलं असतं की बाई, आता हीच वाट धरा. १९८५ साली ‘हार्ट ऑफ आफ्रिका’ त्याच वाटेने गेलाही. पण त्या पुन्हा चार माणसांकडेच वळल्या. १९८६ चा ‘रोबॉट रास्कल्स’ एकट्याला खेळताच येत नसे. जेमतेम ९,००० प्रती गेल्या. १९८८ चा ‘मोडेम वॉर्स’ टेलिफोनच्या तारेवरून दोघांनी खेळायचा, तोही अशा वेळी की मोडेम फार थोड्या घरांत होते. १९९० चा ‘कमांड एचक्यू’ आणि १९९२ चा ‘ग्लोबल कॉन्क्वेस्ट’ही असेच, दूरवरच्या माणसांना एका डावात आणणारे. आज आपण सगळे जे ऑनलाइन खेळतो, त्याची पायवाट त्यांनी अशा काळात पाडली जेव्हा रस्ताच नव्हता.

‘म्यूल’ची नवी आवृत्ती सेगाच्या गेमिंग यंत्रासाठी निघणार होती. बरंचसं काम झालंही होतं. त्यात बंदुका आणि बॉम्ब टाका, अशी मागणी आली. डॅनी यांनी नकार दिला आणि ती आवृत्ती निघालीच नाही. पैशांची गरज त्यांनाही होती. पण ज्या खेळात शेजाऱ्याला मारून कुणाचंच भलं होत नाही, तिथे बंदूक आणून मूळ खेळच बदलला असता, असं त्यांचं मत होतं.

घरच्या आघाडीवर मात्र आयुष्य सोपं नव्हतं. तीन लग्नं झाली, तिन्ही मोडली. एक मुलगा, दोन मुली. नोव्हेंबर १९९२ पासून त्या डॅनी बंटन बेरी म्हणून जगू लागल्या. तेव्हाच्या अमेरिकेतही हे सहज पचणारं नव्हतं. या बदलाने काय मिळालं आणि काय गमावलं, हे त्यांनी स्वतःच कुठलाही आडपडदा न ठेवता लिहून ठेवलं. त्यांचा वावर कमी झाला. माणसांना जवळ बसवणारे खेळ आयुष्यभर बनवणाऱ्या बाईच्या वाट्याला एकटेपण यावं, याचं मला फार वाईट वाटतं.

१९९७ साली त्यांनी ‘मोडेम वॉर्स’ नव्या रूपात इंटरनेटवर आणला. मे १९९८ मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या संघटनेने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच फुप्फुसाच्या कॅन्सरने त्या गेल्या. तेव्हा हातात काम होतं ते ‘म्यूल’च्या इंटरनेट आवृत्तीचं. २००७ साली अमेरिकेतल्या गेम अकादमीने आपल्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव घेतलं.

त्यांचं निम्मं स्वप्न खरं झालं. आज रात्री अकरा वाजता हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधून चक्कर मारा, प्रत्येक खोलीत कुणीतरी हजार किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाबरोबर खेळत असतं. उरलेलं निम्मं मात्र राहून गेलं. एकाच खोलीत चार कॉट, चार इअरफोन, आणि बाजूच्या कॉटवरची मुलगी दोन दिवस जेवायला आलेली नाही हे कुणाच्या लक्षात नाही. ‘म्यूल’मध्ये एकाचं अन्न संपलं तर चौघांच्या पडद्यावर दिसायचं.

आमच्या मजल्यावर आता दर शनिवारी डाव पडतो. फर्स्ट इयरची एक मुलगी, जी पहिले दोन महिने कुणाशी बोलली नव्हती, ती सध्या खनिजाचा भाव पाडण्यात पटाईत झाली आहे आणि लासलगाववाली तिला घाबरून असते. रेक्टर मॅडम एकदा आरडाओरडा ऐकून ओरडायला आल्या, पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि विजेचा भाव काय चाललाय ते विचारून गेल्या. एक गेमपॅड मात्र बिघडलंय. कुणाकडे जास्तीचं असेल तर कळवा, आणि सोबत एक खेळाडूही पाठवा.