दवबिंदूचा माणूस

जुलैमधली ती सोमवारची सकाळ मी कधीच विसरणार नाही. डिपार्टमेंटच्या सर्व्हर रूमची किल्ली तेव्हा माझ्याकडे असायची. शनिवार-रविवार सर्व्हर बंद होता, पण एसी मात्र १६ वर चालूच राहिला. खोलीत कुबट वास आला म्हणून मी एसी बंद करून खिडकी उघडली. बाहेर धो-धो पाऊस! चहा मारून आलो, बटण दाबलं आणि फट्ट! पॉवर सप्लाय गेला, सोबत हार्ड डिस्कही. फायनल इयरच्या दोन ग्रुप्सचं काम त्यावर होतं आणि बॅकअप नव्हता. कॅबिनेटवर हात फिरवला तर ओलाकंच. छत गळत नव्हतं, मग पाणी आलं कुठून?

उत्तर शोधताना मला विलिस हॅविलँड कॅरिअर भेटला. एसीवरचं नाव म्हणून तो आपल्याला माहीत असतो, माणूस म्हणून नाही.

त्याचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ चा, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या अँगोला गावचा. लहानपणी अपूर्णांक काही केल्या डोक्यात शिरेनात. तेव्हा आईने सफरचंदं कापून, त्यांच्या फोडी करून ते शिकवले. तो ११ वर्षांचा असताना आई गेली. पुढे शिष्यवृत्ती मिळवून, पडेल ते काम करत तो १९०१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून इंजिनिअर झाला आणि बफेलो फोर्ज कंपनीत लागला. पगार आठवड्याला १० डॉलर!

१९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्याची अडचण त्याच्याकडे आली. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा. एकाच कागदावर चार रंग वेगवेगळे छापायचे, ते एकमेकांवर बसेनात. कॅरिअरने थंड पाण्याच्या नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातली वाफ काढली आणि सापेक्ष आर्द्रता ५५ टक्क्यांवर ठेवायची योजना आखली. म्हणजे बघा, आधुनिक एसीचा जन्म माणसाच्या आरामासाठी नाही, कागदासाठी झाला!

त्याच वर्षी पिट्सबर्गच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना समोर दाट धुकं होतं. त्याच्या लक्षात आलं, की ही हवा संपृक्त आहे. तापमान कळलं की तिच्यात पाणी किती तेही कळतं. मग हवा पाण्याच्या फवाऱ्यातून नेऊन, फवाऱ्याचं तापमान ठरवून हवेतलं पाणी हवं तेवढं राखता येईल. फवाऱ्याने हवा कोरडी करायची! १९०६ मध्ये पेटंट मिळालं. १९११ मध्ये त्याने आर्द्रतेची सूत्रं मांडली. आपण रेफ्रिजरेशनच्या पेपरात कंटाळत वापरतो तो सायक्रोमेट्रिक चार्ट त्याच कामावर उभा आहे. १९१५ मध्ये सहा सहकाऱ्यांसोबत त्याने स्वतःची कंपनी काढली. ७ ऑक्टोबर १९५० रोजी तो गेला.

तो चार्ट घेऊन मी बसलो. हवा २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के धरली, तर दवबिंदू सुमारे २५ अंश. माझं कॅबिनेट होतं १६ च्या आसपास. पाणी धरणारच! खिडकी मीच उघडली होती.

आज सर्व्हरसाठी १८ ते २७ अंश तापमान आणि १५ अंशांपर्यंत दवबिंदू असावा, अशी अॅशरे या संस्थेची शिफारस आहे. हवा फार कोरडीही नको, स्थिर विजेने चिप जाते. साठवणीतून थंडगार मशीन आणलं तर खोकं लगेच फोडायचं नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, मगच चालू करायचं.

त्या दोन ग्रुप्ससोबत मी दोन आठवडे रात्री जागून कोड परत टाइप केला. त्यांनी मला माफ केलं. पण आता पावसाळ्यात सर्व्हर रूमची खिडकी दिसली, की माझा हात आधी कडीकडे जातो... ती बंद करायला!