धन्वंतरी डॉ. भाऊ दाजी लाड

गोमंतकभूमीने मुंबईस ज्या कर्तृत्ववान पुरुषांची देणगी दिली, त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे स्थान अग्रभागी आहे. पेडणे महालातील मांद्रे येथे १८२२ साली त्यांचा जन्म झाला. बालवयातच ते वडिलांसमवेत मुंबईस आले. बुद्धिबळातील त्यांची चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने या मुलास इंग्रजी शिक्षण द्यावे असा वडिलांकडे आग्रह धरला आणि त्यांच्या आयुष्यास निराळे वळण लागले.

एल्फिन्स्टन संस्थेत काही काळ अध्यापन केल्यावर भाऊंनी १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला व १८५१ साली पहिल्याच तुकडीतून ते उत्तीर्ण झाले. व्यवसायात विपुल द्रव्य व कीर्ती लाभली. तथापि बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह धर्मार्थ दवाखाना चालवून त्यांनी गोरगरिबांची सेवाही केली. १८६९ व १८७१ अशी दोन वेळा मुंबईच्या नगरपालपदाची सन्मान्य जबाबदारी त्यांच्याकडे आली.

पाश्चात्त्य वैद्यकात पारंगत असूनही भाऊंनी आयुर्वेदाकडे पाठ फिरविली नाही. संस्कृत ग्रंथांत वर्णिलेल्या वनस्पतींचे गुण ते रुग्णांवरील अनुभवाने पारखून घेत. या व्यासंगातूनच ते महारोगाच्या चिकित्सेकडे वळले. त्वचेवरील फिकट चट्टा व तेथील नष्ट झालेली संवेदना ही या व्याधीची ठळक खूण. पण कारण अज्ञात होते आणि रोग्याच्या वाट्यास औषधाऐवजी बहिष्कारच येई. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरकाचे तेल सांगितले आहे. आपल्या सह्याद्रीच्या ओहोळांकाठी वाढणारा कडू कवठ तो हाच. त्याच्या बियांच्या तेलाचा भाऊंनी अनेक रोग्यांवर उपयोग केला.

मात्र या औषधाचे नाव त्यांनी दीर्घकाळ गुप्त ठेवले. जे औषध इतरांस पडताळून पाहता येत नाही ते शास्त्रात बसत नाही, असा आक्षेप वैद्यकीय वर्तुळातून घेतला गेला. ३१ मे १८७४ रोजी भाऊ निवर्तले आणि या प्रयोगांची साद्यंत मांडणी त्यांच्या हातून व्हावयाची राहिली. त्यांच्या निधनापूर्वी वर्षभर, १८७३ साली, नॉर्वेत हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला होता. पुढे याच जातीच्या झाडांच्या तेलावर परदेशी प्रयोगशाळांत संशोधन झाले व १९४० नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत हे तेल महारोगावरील प्रमुख औषध राहिले. १९८२ पासून बहुविध औषधोपचाराने हा रोग पूर्णतः बरा होऊ लागला.

१९७५ साली भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास भाऊंचे नाव देण्यात आले. त्यांचे स्मरण आपणा महाजन कुटुंबांस एका कर्तव्याची जाणीव करून देते. औषध सांगितले की त्याचा गुण जातो, या समजुतीने आपल्या कित्येक घराण्यांतील मुळ्यापाल्यांचे ज्ञान जाणत्या वडीलधाऱ्यांबरोबरच चितेवर गेले. जे उरले आहे ते कागदावर उतरवून वैद्य-डॉक्टरांच्या कसोटीस लावणे, हेच या थोर धन्वंतरीचे खरे पुण्यस्मरण होय.