मूळ शोधणारे पंडित अयोथीदास



धम्मदीक्षा घेतल्यावर शेजारीपाजारी एक प्रश्न हमखास विचारतात: बौद्ध झालात हे ठीक, पण पूर्वीचे तुम्ही कोण? तुमच्या मुलांनाही शाळेत हा प्रश्न येतो. तो ऐकून ज्यांची मान खाली जाते, त्यांनी तामिळ देशातील एका थोर पुरुषाचे चरित्र अवश्य वाचावे.

पंडित अयोथीदास यांचा जन्म १८४५ साली मद्रासमध्ये परैयर या अस्पृश्य गणलेल्या समाजात झाला. त्यांचे पाळण्यातले नाव काथवरायन. ज्या गुरूंपाशी ते शिकले त्यांचेच नाव त्यांनी पुढे धारण केले. ते सिद्धवैद्य होते, तामिळ ग्रंथांचे व्यासंगी होते. त्यांचे आजोबा कंदप्पन एका इंग्रज साहेबाकडे बटलर होते. तिरुक्कुरळ या थोर तामिळ ग्रंथाची घरात जपलेली ताडपत्रे आजोबांनी त्या साहेबाच्या हाती दिली, असे पंडितांनी नोंदवले आहे. आता तुम्हीच विचार करा. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ जपले जात होते, ते घर मुळात अडाणी आणि हीन कसे असेल? पंडितांच्या शोधाचे बीज याच प्रश्नात होते.

१८८१ च्या शिरगणतीच्या वेळी आपल्या लोकांची नोंद आदितमिळ म्हणून व्हावी, असा आग्रह त्यांनी धरला. १८९१ साली त्यांनी द्रविड महाजन सभा स्थापन केली. पुढच्या वर्षी मद्रास महाजन सभेच्या बैठकीत त्यांनी शाळा, पडीक जमीन आणि मंदिरप्रवेश यांची मागणी मांडली. मंदिराचे नाव निघताच, तुमचे देव मदुराई वीरनसारखे, शिव-विष्णूंशी तुमचा संबंध नाही, असे उत्तर मिळाले. दुसरा कोणी खचला असता. पंडितांनी मात्र त्या दाराकडे पाठ फिरवली.

१८९८ साली ते कर्नल ऑल्कॉट यांच्यासमवेत सिंहलद्वीपाला गेले. तेथे भिक्खू सुमंगल यांच्याकडून त्यांनी पंचशील ग्रहण केले आणि परत येऊन मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली. कोलारच्या सोन्याच्या खाणींतील मजुरांतही संघाची शाखा निघाली. १९०७ साली त्यांनी एक पैसा किंमतीचे तामिळ साप्ताहिक सुरू केले. आपले पूर्वज बौद्ध होते, जातिभेद न मानल्यामुळेच त्यांना गावाबाहेर लोटले गेले, हा सिद्धांत त्यांनी त्यातून मांडला. सणांच्या आणि शब्दांच्या मुळाशीही ते बौद्ध खुणा शोधीत. ५ मे १९१४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती आजचे संशोधक मान्य करतील असे नाही, हेही तुम्हांला सांगितले पाहिजे. धम्म आंधळी श्रद्धा शिकवीत नाही. परंतु आपली ओळख दुसऱ्याने ठरवावी हे पंडितांनी नाकारले, आणि त्यांचे मोठेपण त्यातच आहे. त्यांच्याच चळवळीतील प्रा. लक्ष्मी नरसू यांचा बौद्ध धर्मावरील इंग्रजी ग्रंथ पूज्य बाबासाहेबांनी १९४८ साली स्वतःची प्रस्तावना जोडून पुन्हा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अस्पृश्यांच्या मुळाविषयीचा बाबासाहेबांचा ग्रंथ निघाला. अस्पृश्य हे पूर्वीचे बौद्ध होते, असे त्यांनीही त्यात प्रतिपादन केले.

शिरगणतीच्या त्या रकान्याचे महत्त्व आपल्या लोकांनीही ओळखले. १९५१ साली महाराष्ट्रात बौद्धांची नोंद अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर, १९६१ साली, ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. तो आकडा तुमच्याच आईवडिलांनी, आजीआजोबांनी घडविला.

म्हणून आज रात्री वंदना झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा. आपले गाव कोणते, तेथे आपल्या वाट्याला काय आले, दीक्षा कोणी, केव्हा घेतली, हे त्यांना विचारा आणि मुलांकडून वहीत लिहून घ्या. मग कोणी पूर्वीचे मूळ विचारले, तर तुमचे मूल ती वही निर्भयपणे पुढे करील.