उत्तर टाकीतच होतं!

बाइकच्या टाकीवर चिकटवलेलं ई-२० चं स्टिकर तुम्ही पाहिलंच असेल. वीस टक्के इथेनॉल, बाकी पेट्रोल. कॉलेजच्या पार्किंगमध्ये यावर दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, अॅव्हरेज घटलं. दुसरा म्हणतो, अरे, रेसिंगवाले तर मुद्दाम इथेनॉल भरतात! गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे. आणि हे शंभर वर्षांपूर्वी ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्याच माणसाने जगभरच्या पेट्रोलमध्ये शिसं मिसळलं. त्याचं नाव थॉमस मिजली.

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ चा, अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया राज्यातला. लहानाचा मोठा झाला ओहायोतल्या कोलंबसमध्ये. वडील स्वतः संशोधक, टायरच्या धंद्यातले. त्यामुळे खटपटी स्वभाव घरातूनच आलेला. १९११ मध्ये त्याने कॉर्नेल विद्यापीठातून पदवी घेतली, तीही मेकॅनिकल इंजिनीअरिंगची. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याने नाव काढलं ते केमिस्ट्रीत! १९१६ मध्ये तो डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली लागला. केटरिंग म्हणजे मोटारीला इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर देणारा माणूस. पुढे ही सगळी टीम जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात गेली.

केटरिंगने या पोराला एकच काम दिलं : इंजिनाचं नॉकिंग थांबव.

नॉकिंग म्हणजे काय? सिलिंडरमध्ये हवा आणि इंधनाचं मिश्रण दाबलं जातं, मग स्पार्क पडतो आणि ज्योत पसरत जाते. पण दाब फार वाढवला तर ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं. इंजिनात टकटक होते, ताकद घटते, पिस्टनचं नुकसान होतं. गोची अशी, की जितका दाब जास्त तितकी त्याच पेट्रोलमधून जास्त ताकद निघते. म्हणजे दमदार इंजिन हवं तर नॉकिंगला आवरणारं इंधन आधी हवं.

मिजलीची सुरुवात एका चुकीच्या कल्पनेने झाली. इंधन लाल रंगाचं असलं तर ते उष्णता जास्त शोषेल, असं त्याला वाटलं. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून त्याने आयोडीन टाकलं आणि टकटक थांबली! नंतर खरे लाल रंग टाकून पाहिले, तर काहीच फरक नाही. म्हणजे कमाल रंगाची नव्हती, रसायनाची होती. आयोडीन महाग, शिवाय धातू खाणारं. मग जे मिळेल ते इंजिनात घालून बघायचा सपाटाच सुरू झाला. त्यातल्या काही रसायनांचा वास इतका भयंकर होता, की तो अंगाला चिकटून बसायचा.

या सगळ्या धडपडीत एक उत्तर स्वच्छ समोर होतं : अल्कोहोल, म्हणजे आपलं इथेनॉल. ते पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त दाब सहन करतं, शिवाय बाष्प होताना मिश्रण थंड करतं. १९२० मध्ये मिजलीने अल्कोहोलमिश्रित इंधनाच्या पेटंटसाठी अर्जसुद्धा केला. ऑक्टोबर १९२१ मध्ये तर त्याने टाकीत ३० टक्के अल्कोहोल घालून जास्त कॉम्प्रेशनची गाडी डेटनहून इंडियानापोलिसला नेली, ऑटोमोबाइल इंजिनीअर्सच्या बैठकीला. म्हणजे ई-२० च्या पुढचं गणित त्याने तेव्हाच रस्त्यावर चालवून दाखवलं होतं.

मग अडलं कुठे?

थोडं अडलं इंजिनीअरिंगमध्ये. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९. शिवाय लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा जवळपास एक तृतीयांश कमी. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त ओतावं लागतं. तेव्हा त्यासाठी कार्ब्युरेटरचा जेट मोठा करावा लागे. आज एखाद्याला ८५ टक्के इथेनॉलवर गाडीची हॉर्सपॉवर वाढवायची असेल, तर टर्बोच्या आधी फ्युएल पंपाचा विचार करावा लागतो. पंप जास्त लिटर देणारा, इंजेक्टर मोठे, पंपाला पुरेसा करंट देणारं वायरिंग, आणि पाइप-सील इथेनॉल सोसणारे. यात पंप कमी पडला, की ऐन ताकदीच्या वेळी मिश्रणात हवा जास्त होते आणि इंजिन बसतं. पार्किंगमधल्या दोन्ही गटांचं बरोबर ते असं. अॅव्हरेज घटतं हे खरं, आणि भरपूर इंधन पुरवलं तर ताकद मिळते हेही खरं.

पण ही काही न सुटणारी अडचण नव्हती. खरी मेख वेगळी होती. अल्कोहोल कुणीही शेतमालापासून बनवू शकत होतं, त्यावर एका कंपनीची मालकी बसणं कठीण. आणि त्याचा प्रभाव दिसायला ते टाकीत भरपूर घालावं लागे, म्हणजे तितकं पेट्रोल कमी विकलं जाणार.

९ डिसेंबर १९२१ ला मिजलीच्या टीमने टेट्राएथिल लेड इंजिनात घालून पाहिलं. हजार भाग पेट्रोलला एक भागसुद्धा लागला नाही, टकटक गायब! स्वस्त, थोडक्यात काम भागवणारं आणि पेटंट घेता येणारं. १९२३ मध्ये डेटनमध्ये विक्री सुरू झाली. नाव ठेवलं ‘एथिल’. शिसं हा शब्द नावात कुठेच नाही.

शिसं विषारी असतं हे तेव्हा माहीत नव्हतं असं मुळीच नाही. १९२२ मध्येच शास्त्रज्ञांनी धोक्याचे इशारे दिले होते. खुद्द मिजलीला १९२३ मध्ये शिशाच्या बाधेमुळे फ्लोरिडात विश्रांतीला जावं लागलं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या प्लांटमध्ये पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, कित्येक जण हॉस्पिटलात गेले. तेव्हा मिजलीने काय करावं? पत्रकारांसमोर त्याने तेच रसायन हातावर ओतून घेतलं आणि मिनिटभर त्याचा वासही घेतला. स्वतः आजारी पडून आलेला माणूस हे करत होता! १९२५ मध्ये विक्री काही काळ थांबली, सरकारी समिती बसली, आणि १९२६ मध्ये पुन्हा हिरवा कंदील मिळाला.

मिजली पुढे निघून गेला. फ्रिजमधल्या विषारी वायूंना पर्याय म्हणून त्याने फ्रिऑन शोधला. १९३० मध्ये तो छातीत भरून घेऊन मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही, पेटत नाही, हे अगदी खरं होतं. तो ओझोनचा थर खातो हे कळायला १९७४ उजाडलं. इथे मिजलीला फार दोष देता येत नाही, कारण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. शिशाचं मात्र तसं नव्हतं.

१९४० मध्ये त्याला पोलिओ झाला. अंथरुणातून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची एक यंत्रणा बनवली. २ नोव्हेंबर १९४४ ला त्याच दोऱ्यांत अडकलेल्या अवस्थेत तो मृत सापडला. वय ५५. शंभरावर पेटंट आणि रसायनशास्त्रातले मोठे सन्मान नावावर होते.

त्याच्या मागे शिसं मात्र राहिलं. भारतातल्या पेट्रोलमधून ते २००० मध्ये गेलं, जगातल्या शेवटच्या पंपावरून २०२१ मध्ये. मधल्या काळात जन्मलेल्या कितीतरी पिढ्यांनी ते श्वासातून घेतलं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. आपल्या आई-बाबांचं बालपणसुद्धा त्याच धुरातलं.

आणि आज आपण परत इथेनॉलकडे आलोय. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमधून ते टँकर भरभरून निघतं. त्याचेही प्रश्न आहेत : उसाला लागणारं पाणी, जुन्या गाड्यांचे रबरी पार्ट, घटलेलं अॅव्हरेज. त्यावर भांडायलाच हवं.

फक्त भांडताना मिजलीची ती डेटन-इंडियानापोलिस ट्रिप आठवा. मिजली हुशार नव्हता म्हणून घोळ झाला नाही. चांगलं उत्तर त्याच्या टाकीतच होतं, त्यावर गाडीही धावली होती. उद्या तुमच्यापैकी कुणी एखाद्या कंपनीच्या लॅबमध्ये बसलेलं असेल. समोर दोन उत्तरं असतील, एक बरं आणि एक विकायला सोपं. तेव्हा हा माणूस आठवला तरी पुरे.