स्मृतिचित्रांची माउली : लक्ष्मीबाई टिळक

1868 साली नाशिकजवळील जलालपूर येथे जन्मलेल्या लक्ष्मीबाईंनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. 1895 मध्ये पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. उभयतांची ताटातूट झाली. पुढे जातिभेद मनुष्यनिर्मित असल्याची खात्री पटून 1900 मध्ये त्यांनीही ख्रिस्ताला स्वीकारले. सोवळ्यात वाढलेल्या त्याच हातांनी मग प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली, अनाथ लेकरांना पोटाशी धरले. 1919 मध्ये टिळक निवर्तल्यावर अपुऱ्या ‘ख्रिस्तायना’त त्यांनी 64 अध्यायांची भर घातली. 1936 मध्ये त्या प्रभूच्या विसाव्यात गेल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ नातू अशोक टिळकांनी साक्षेपाने संपादिली. वाचकहो, आपल्या आजीच्या आठवणी आपण जपून ठेविल्या आहेत काय?