तांबेऱ्याचा माग काढणारे प्राध्यापक : करमचंद मेहता

दाजीबानपेठेत राहणाऱ्या आपणां विद्यार्थ्यांस गहू ठाऊक असतो तो पोत्यातला किंवा डब्यातला. परंतु नवलगुंदाकडील काळ्या रानात गव्हाचे पीक उभे असताना शेतकऱ्याच्या मनात जी धास्ती असते, तिची आपणांस कल्पना नसते. पीक ओंबीवर येते, आणि एके दिवशी पानांवर व ताटांवर गंजासारखे पुटकुळे उठतात. हात लावला तर बोटे तांबडी होतात. दाणा भरत नाही. चिपाड हाती येते. हाच तांबेरा. तो एक प्रकारच्या बुरशीपासून होतो. भातावरील करपाही अशाच सूक्ष्म बुरशीचा प्रताप होय.

हा तांबेरा दरवर्षी येतो कोठून, या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला, त्या प्राध्यापक करमचंद मेहता यांचे चरित्र बोधप्रद आहे.

त्यांचा जन्म 1892 साली अमृतसर येथे झाला. शिक्षण पुरे झाल्यावर ते आग्रा कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे अध्यापक झाले. पुढे केंब्रिज येथे जाऊन त्यांनी गव्हाच्या तांबेऱ्याचा विशेष अभ्यास केला. युरोप-अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी असे दाखविले होते की, काळ्या तांबेऱ्याची बुरशी आपल्या आयुष्याचा काही भाग दारुहळदीच्या जातीच्या झुडपांवर काढते व तेथून गव्हावर येते. हिमालयातही दारुहळद विपुल आहे. तेव्हा आपल्याकडेही तसेच घडत असावे, असे मानणे स्वाभाविक होते. परंतु मेहतांनी ते गृहीत धरले नाही.

स्वदेशी परतल्यावर 1923 च्या सुमारास त्यांनी स्वतंत्र संशोधनास आरंभ केला. 1930 नंतर त्यांस सरकारी कृषि-संशोधन परिषदेचे साहाय्य मिळाले आणि सिमल्याच्या फ्लॉवरडेल येथे प्रयोगशाळा उभी राहिली. सुटी लागली की मेहता डोंगर चढू लागत. मैदानात व डोंगरात, वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत रोगट पाने गोळा करावयाची, तांबेऱ्याचे बीजाणू जिवंत आहेत की नाहीत हे तपासावयाचे, चिकट द्रव्य लावलेल्या काचपट्ट्या वाऱ्यात ठेवून त्यांवर काय सापडते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे, असा हा क्रम वर्षानुवर्षे चालला.

अखेर कोडे उलगडले. मैदानातील वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात हे बीजाणू जगत नाहीत. उंच डोंगरावरील थंड हवेत मात्र आपोआप उगवलेल्या व अवेळी पेरलेल्या गव्हावर ते उन्हाळा काढतात आणि पुढील हंगामात वाऱ्यावर स्वार होऊन खाली उतरतात. दारुहळदीचा आपल्या देशातील या रोगप्रसारात महत्त्वाचा वाटा नाही, हेही सिद्ध झाले. उत्तरेस हिमालय व दक्षिणेस निलगिरी आणि पळणीचे डोंगर ही त्याची आश्रयस्थाने ठरली. पुढील संशोधकांनी असे दाखविले की, काळा तांबेरा मुख्यतः दक्षिणेकडील डोंगरांतून पसरतो. म्हणजे तो आपल्या कर्नाटकावरूनच महाराष्ट्राकडे व मध्य भारताकडे जातो.

1940 साली मेहतांचा विस्तृत प्रबंध प्रसिद्ध झाला. डोंगरावरील अवेळी पेरणी थांबवावी, अशी त्यांची सूचना होती. पण मैदानातील पिकासाठी डोंगरातील गरीब शेतकऱ्याने आपले पीक सोडावे, हे सांगणे सोपे, घडणे कठीण. 1946-47 साली मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने गव्हाची भयंकर नासाडी केली. मग उरला तो दुसरा मार्ग, रोगास दाद न देणारे वाण निर्माण करण्याचा. त्यासाठी शत्रूचे पोटभेद ओळखणे अगत्याचे होते, आणि ते कामही मेहतांनी करून ठेवले होते.

येथे आपल्या भागास अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. बुरशीचे हे पोटभेद ओळखण्यासाठी जगभर जे बारा गहू कसोटीस लावीत, त्यांत आपला खपली गहू होता. ज्या खपलीची खीर सणावारी आपल्या घरी होते, तिच्या अंगी काळ्या तांबेऱ्याशी झुंजण्याचा गुण आहे. तो गुण संकराने इतर गव्हांत उतरविण्यात आला. धारवाडच्या कृषि विद्यापीठानेही खपलीचे सुधारलेले वाण दिले आहेत.

1950 साली मेहता निवर्तले. तांबेऱ्याच्या तिन्ही प्रकारांस तोंड देणारा एन. पी. 809 हा गहू डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांच्या प्रयत्नाने 1954 साली पुढे आला. तो पाहावयास ते नव्हते. बुरशी नवी रूपे घेते, म्हणून हे युद्ध कधी संपत नाही. फ्लॉवरडेल येथे आजही देशभरातून आलेली रोगट पाने तपासली जातात.

विद्यार्थी मित्रहो, इतरांनी मानलेले स्वतः पडताळून पाहणे आणि फळ आपल्या हयातीत दिसो वा न दिसो, काम नेटाने चालविणे, हा धडा या आग्र्याच्या शिक्षकाने घालून दिला. पुढच्या वेळी ताटात पोळी येईल, तेव्हा त्यांचे स्मरण अवश्य करावे.