क्लॉदियो मॉन्तेव्हेर्दी

जुन्या पाश्चात्य संगीताची गोडी लागावी, परंतु आरंभ कोठून करावा हें उमगत नाहीं, अशी अडचण पुष्कळ संगीतप्रेमी वाचकांस येते. त्यांस आम्ही एकच नांव सुचवितों : क्लॉदियो मॉन्तेव्हेर्दी. इ. स. १६०० च्या सुमारास ज्या नव्या संगीतपद्धतीचा उदय झाला व जिला पुढें बरोक हें नांव पडलें, तिचे ते अग्रणी होत.

इटलींतील क्रेमोना नगरांत एका वैद्याच्या घरीं ते जन्मले. १५ मे १५६७ रोजीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील कॅथीड्रलचे संगीतगुरु इंजेन्येरी यांजपाशीं ते शिकले, आणि वयाच्या पंधराव्या वर्षीं, १५८२ सालीं, त्यांचीं तीन आवाजांचीं पवित्र गीतें छापून निघालीं. पुढें मान्तुआच्या ड्यूकच्या दरबारीं ते तंतुवादक म्हणून चाकरीस लागले, १५९९ सालीं क्लॉदिया नामक गायिकेशीं विवाहबद्ध झाले व १६०१ सालीं तेथील संगीतप्रमुख झाले.

याच सुमारास आर्तूसी नांवाच्या विद्वानानें त्यांच्या रचनांतील कर्कश स्वरांवर ग्रंथद्वारें कडक टीका केली. मॉन्तेव्हेर्दी यांचा पक्ष असा कीं, स्वरांनीं शब्दार्थाची सेवा करावी. शब्दांत दुःख असेल तर स्वरांनींही बोचलें पाहिजे. टीकाकाराचे कान, आमच्या मतें, तीक्ष्णच होते. ऐकलेल्याचा अर्थ तेवढा त्यास लागला नाहीं.

फेब्रुवारी १६०७ मध्यें त्यांचें ‘ऑर्फेओ’ हें संगीतनाटक मान्तुआस झालें. मृत पत्नीस परत आणावयास एक गवई यमलोकीं जातो, अशी ती ग्रीक कथा. त्याच वर्षीं सप्टेंबरांत क्लॉदिया दोन लहान मुलगे मागें ठेवून वारली. शोक ओसरला नाहीं तोंच युवराजाच्या विवाहाचें संगीत रचण्यासाठीं दरबाराचें बोलावणें आलें. त्या समारंभासाठीं केलेल्या ‘आरिआन्ना’ नाटकाची तरुण नायिका प्रयोगापूर्वींच देवीच्या रोगानें दगावली. १६०८ सालीं प्रयोग झाला. त्या नाटकाचें संगीत आज नष्ट आहे. एक विलापगीत मात्र उरलें.

नवख्या श्रोत्यानें येथूनच आरंभ करावा. एकच आवाज, आणि खालीं खर्जाच्या ओळीवर हार्पसिकॉर्डचा किंवा लांब मानेच्या ल्यूटचा आधार. यापलीकडे कांहीं नाहीं. एक कान खर्जाकडे ठेवावा, म्हणजे वरचा स्वर त्यास कोठें टोंचतो व कोठें सुटतो हें आपोआप कळूं लागतें.

त्यानंतर १६१० सालचें ‘वेस्पेर्स’ घ्यावें. पवित्र मरियेच्या सणांच्या सायंप्रार्थनेचें हें संगीत पोप पाचवे पॉल यांस अर्पण केलेलें आहे. आरंभीं ‘ऑर्फेओ’चाच तुताऱ्यांचा घोष पुन्हां ऐकूं येतो. स्तोत्रांत पुरातन ग्रेगोरियन चाल एका आवाजानें लांब स्वरांत धरून ठेविलेली असते व इतर आवाज तिच्याभोंवतीं खेळतात. ती चाल शोधीत ऐकण्यांत मोठा आनंद आहे. एका भागांत तर वाद्यांचा कल्लोळ चालू असतां मरियेची एकच विनवणी अकरा वेळां गाइली जाते. सबंध रचना एका बैठकींत संपविण्याचा हट्ट मात्र नको. हा ग्रंथ सिद्ध करून ते रोमला गेले, तेव्हां थोरल्या मुलास तेथील सेमिनरींत जागा मिळेल अशी त्यांस आशा होती. ती फळली नाहीं.

१६१२ सालीं नव्या ड्यूकनें त्यांस चाकरींतून दूर केलें. परंतु पुढच्याच वर्षीं व्हेनिसच्या संत मार्क मंदिरानें सालीना ३०० डुकाट वेतनावर त्यांस संगीतगुरु नेमिलें. तिकडे जातांना वाटेंत चोरांनीं त्यांस लुबाडलें! व्हेनिसनें मात्र त्यांचा मान राखिला, व १६१६ सालीं वेतन ४०० डुकाट केलें.

संकटें तेथेंही आलीं. धाकटा मुलगा मास्सिमिलिआनो यास निषिद्ध पुस्तक वाचल्याच्या आरोपावरून धर्मन्यायालयानें कैद केलें, आणि वृद्ध पित्यास जामिनासाठीं खटपट करावी लागली. १६२८ सालीं तो निर्दोष सुटला. १६३० च्या प्लेगांत व्हेनिसचे सुमारें एक तृतीयांश लोक मेले. साथ ओसरल्यावर, १६३२ सालीं, मॉन्तेव्हेर्दी यांनीं धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. तरीही नाट्यगृहांशीं त्यांचा संबंध तुटला नाहीं : ‘पोप्पेआ’ हें शेवटचें नाटक १६४३ सालचें. त्यापूर्वीं १६४१ सालीं निघालेल्या धर्मसंगीताच्या मोठ्या संग्रहांत त्यांनीं आरिआन्नेच्या त्याच जुन्या विलापास लॅटिन शब्द दिले व तो दुःखी मरियामातेच्या मुखीं घातला. दोन्ही एकामागून एक ऐकावे.

२९ नोव्हेंबर १६४३ रोजीं व्हेनिस येथें त्यांचें देहावसान झालें, आणि तेथील फ्रारी या फ्रान्सिस्कन मंदिरांत त्यांस पुरण्यांत आलें. पुढें दोन शतकांहून अधिक काळ त्यांचें संगीत बहुतेक मूकच राहिलें. १९२६ पासून १९४२ पर्यंत मालिपिएरो या इटालियन संगीतकारानें त्यांच्या समग्र रचना संपादून छापल्या, तेव्हां गायकांच्या हातीं त्या पुन्हां आल्या.